मंडळीबाहेरच्या माणसांत मिसळायचं कसं

आधी डायरी उघडा आणि गेल्या महिन्यातल्या संध्याकाळी कुणासोबत गेल्या ते लिहून काढा. मी लिहिलं तेव्हा उपासना, बायबल अभ्यास, गायनवृंदाचा सराव आणि दोन समित्यांच्या बैठका यांतच महिना सरलेला दिसला. मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चबाहेरच्या, एकाही माणसाशी मी दहा मिनिटं निवांत बोलले नव्हते, आणि प्रार्थनेत मात्र दर आठवड्याला जगासाठी मागत होते. फार लाज वाटली. एक समिती सोडली. तुम्हीही काहीतरी सोडा, नाहीतर वेळ निघणारच नाही.

मग जिथे कारभार दुसऱ्यांचा आहे तिथे जा. मंडळीत कार्यक्रम ठेवून लोकांना बोलावणं सोपं असतं, कारण तिथे यजमान आपण. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या समाजातल्या, स्त्रीशी बोलायला सुरुवात करतो ती तिच्याकडे पाणी मागून. त्याच्यापाशी पोहरासुद्धा नव्हता. मागणारा तो होता, ही गोष्ट आपण फार भराभर वाचून जातो.

मी एका वाचक गटात जाऊ लागले. खुर्च्या लावायचं आणि शेवटी उचलून ठेवायचं काम मागून घेतलं. ख्रिस्ती आहे हे लपवलं नाही. रविवारी सकाळी भेटायचं ठरू लागलं तेव्हा 'मी उपासनेला असते' एवढं सांगितलं. बाकी आठ महिने श्रद्धेचा विषय निघाला नाही, मी काढलाही नाही. मग एका रात्री खुर्च्या आवरताना गटातल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही प्रार्थना करता, ती कुणी ऐकतं असं खरंच वाटतं?" त्यांचा भाऊ नुकताच गेला होता. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवलीच नव्हती. मी म्हटलं, "वाटतं. पण आईसाठी मागितलं ते मला मिळालं नाही, आणि ते का, हे मला अजून कळलेलं नाही." मग आम्ही दोन खुर्च्या पुन्हा उघडल्या आणि बसलो.

असं उत्तर मला पूर्वी देता आलं नसतं. काही वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंच्या घरी दुःखाचा प्रसंग असताना मी पुनरुत्थानावर तयार करून नेलेलं सगळं बोलून टाकलं होतं. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दुःखातल्या माणसाकडे संधी म्हणून पाहू नका. मदत करायची असेल तर करा, पण तिच्या बदल्यात कुणी उपासनेला यावं अशी अपेक्षा मनातही धरू नका.

तोंड उघडण्याआधी समोरच्यांचं जग नीट पाहा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 पुन्हा वाचा. अथेनैत (अथेन्समध्ये) मूर्ती पाहून प्रेषित पौल आतून अस्वस्थ झाला होता, तरी अरीयपगावर, तिथल्या सभेपुढे, त्याने सुरुवात केली ती लोकांच्या धर्मशीलतेपासून आणि 'अज्ञात देवाला' वाहिलेल्या त्यांच्याच वेदीपासून. पुढे त्यांच्याच कवीची ओळ त्याने घेतली. ती ग्रीक कवी अरातसच्या काव्यात सापडते. म्हणजे ते काव्य त्याच्या कानावर होतं. काहींनी त्याची थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौलाच्या वाट्याला हे आलं, तर आपण एका भेटीत निकाल कशाला मागावा?

शब्दांचीही तयारी करा. तारण, कृपा, साक्ष, अभिषेक हे शब्द न वापरता आपला विश्वास पाच मिनिटांत घरच्या माणसाला सांगून पाहा. मला पहिल्यांदा दोन वाक्यांपुढे जाता आलं नाही. 'कृपा'ऐवजी 'माझी लायकी नसताना मला माफ केलं गेलं' असं म्हटलं, तेव्हा माझंच मला नव्याने ऐकू आलं.

सगळंच स्वीकारायला हवं असं नाही. बायबलमधला दानिएल, बाबेलला बंदिवान म्हणून नेलेला यहुदी तरुण, बाबेलची भाषा आणि विद्या शिकला, राजाच्या चाकरीत राहिला, पण राजाच्या ताटातलं अन्न त्याने नाकारलं, आणि तेही अधिकाऱ्याला विनंती करून. तुमचा नकार कुठे आहे ते आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी आवाज चढत नाही.

वाचक गटातल्या त्या बाई उपासनेला आलेल्या नाहीत. पुढच्या भेटीसाठी पुस्तक त्यांनी निवडलंय, जाडजूड आहे, आणि माझी अजून साठ पानं राहिली आहेत.