भिंत दिसत नाही? आधी व्ह्यूचा फेज बघा

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅनवर भिंत दिसेनाशी झाली की काय काय तपासायचं, ते लिहून ठेवतोय. जुन्या बंगल्याच्या रिनोव्हेशनमध्ये मी हेच सगळं उलट्या क्रमाने केलं आणि दोन रात्री वाया घालवल्या. भिंत मॉडेलमध्ये आहे की कोणी उडवली, हे बहुतेक वेळा थ्रीडीत कळतं. सापडली की तिथेच सिलेक्ट करा आणि प्रॉपर्टीजमध्ये खाली जाऊन ‘फेज क्रिएटेड’ आणि ‘फेज डिमॉलिश्ड’ वाचा, म्हणजे भिंत बांधकामाच्या कोणत्या टप्प्यात (फेजमध्ये) आली आणि कोणत्या टप्प्यात पाडली. मग प्लॅनवर या, काहीही सिलेक्ट न करता व्ह्यूच्या प्रॉपर्टीज उघडा आणि तिथला फेज बघा. फेज फिल्टर (कोणत्या टप्प्यातलं काय दाखवायचं ते) नव्हे, फेज. दोन ओळी शेजारीशेजारी आहेत, नजर फिल्टरवर जाते आणि आपण समाधानाने पुढे सरकतो.

माझं असं झालं: ‘एक्झिस्टिंग’चा प्लॅन डुप्लिकेट केला, नाव बदलून ‘नवीन तळमजला’ केलं, फेज तसाच राहिला. सहकाऱ्याने ‘न्यू कन्स्ट्रक्शन’मध्ये काढलेली स्वयंपाकघराची ११५ मिमीची नवीन भिंत त्यात दिसणार कशी? दिव्याचं बटण दाबून लपलेली एलिमेंट्स बघितली, काही नाही. फेजमुळे गायब झालेलं त्या दिव्यात दिसत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटी वैतागून भिंत पुन्हा काढली. ती बसली ‘एक्झिस्टिंग’मध्ये. म्हणजे एकाच जागी दोन भिंती, आणि दार बसलेलं त्यातल्या एकीत. दार ज्या भिंतीत बसवलं तेवढीच कापली जाते, दुसरी सरळ आरपार. साइटवरून कॉन्ट्रॅक्टरचा फोन: “साहेब, दारातनं भिंत गेलीय, दार कुठं लावू?” विटांचा हिशोबही फुगलेला. तेव्हा भिंत दिसत नाही म्हणून नवीन काढू नका, कितीही घाई असली तरी.

व्ह्यू टेम्प्लेट (व्ह्यूच्या सेटिंग्जचा साचा) लावलंय म्हणजे फेजही बसला, असं समजू नका. टेम्प्लेटमध्ये फेज फिल्टर असतो, फेज नसतो. प्रत्येक डुप्लिकेट केलेल्या व्ह्यूमध्ये तो हाताने बदलावा लागतो. प्रत्येक.

फेज बरोबर असेल (खरंच बघितलात ना?), तर व्ह्यू रेंज, म्हणजे प्लॅनमध्ये किती उंचीपासून किती उंचीपर्यंतचं दिसतं ते. कट प्लेन, म्हणजे ज्या उंचीवर इमारत आडवी कापून प्लॅन दाखवला जातो तो, साधारण १२०० मिमीवर असतो. लिंटेलपासून (दारावरच्या आडव्या पट्टीपासून), म्हणजे २१०० पासून वर चढणारी भिंत त्यात येणार नाही, ती काही बिघाड नव्हे. ९०० चा पॅरापेट कापला न जाता वरून दिसतो, म्हणून त्याच्या रेषा बारीक. पण बाथरूममधली १५०० ची अर्धी भिंत कट प्लेनच्या वर जाऊनही कापलेली दिसत नाही, तेव्हा लोक गोंधळतात. दोन मीटरपेक्षा बुटकी भिंत रेव्हिट कापतच नाही. तिच्यासाठी कट प्लेन वरखाली करत बसू नका, त्यापायी बाकीच्या खिडक्या आणि व्हेंटिलेटर बिघडतील. लिंटेलवरच्या भिंतीसारखं एखाद्या कोपऱ्यातच वेगळी उंची हवी असेल तर तिथे प्लॅन रीजन (तेवढ्या भागापुरती वेगळी व्ह्यू रेंज) टाका. व्ह्यू रेंज बदलताच येत नसेल तर ती टेम्प्लेटने धरलेली आहे, आणि टेम्प्लेटमध्ये बदललीत तर ते लावलेले सगळे प्लॅन बदलतील. आधी विचारा, मग बदला.

व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमधली डिसिप्लिन ‘स्ट्रक्चरल’वर असेल तर भार न घेणाऱ्या भिंती जातात. आरसीसी फ्रेममधल्या विटांच्या पार्टिशन म्हणजे जवळजवळ सगळ्याच. स्ट्रक्चरल कन्सल्टंटसाठी केलेला व्ह्यू डुप्लिकेट केला की हे हमखास होतं. डुप्लिकेट केलाय म्हटल्यावर फेजही बघा.

भिंत आहे पण प्लास्टरच्या रेषा नाहीत? डिटेल लेव्हल ‘कोर्स’वर आहे, ‘मीडियम’ करा. सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या दिसतात? थिन लाइन्स चालू आहे.

व्ही-जी (व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स) मध्ये वॉल्सची टिक, फिल्टर्स, आणि फाइल सेंट्रल (अनेकांनी मिळून वापरायची) असेल तर वर्कसेट, म्हणजे मॉडेलमधले वेगळे केलेले गट. फाइल उघडताना बंद ठेवलेला वर्कसेट आपणच विसरतो. व्ह्यूभोवती निळसर चौकट म्हणजे तात्पुरतं लपवलंय, रीसेट करा. भिंत क्रॉपच्या, म्हणजे व्ह्यूच्या कापलेल्या चौकटीच्या, बाहेर पडली का. दुसऱ्या डिझाइन ऑप्शनमध्ये (पर्यायी आराखड्यात) आहे का. लिंक केलेली फाइल अनलोड झालीय का. हे सगळं दहा मिनिटांचं काम.

शीटवर टाकण्याआधी पीडीएफ काढून दारं एकेक बघा, भिंत आरपार गेलेली नाही ना. आणि भिंतींचं शेड्यूल काढणार असाल तर त्यालाही स्वतःचा फेज असतो. तोही बघा.