गृहउद्योगाने गूगल आणि इन्स्टाग्राम कसे वापरावे: गिरगावच्या एका स्वयंपाकघरातून

माझी मोठी बहीण गेली काही वर्षे गिरगावातील चाळीतल्या घरातून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते. तिची वेबसाइट मी तयार केली तेव्हा पहिल्याच ओळीत ‘चविष्ट, दर्जेदार आणि घरगुती’ असे लिहिले होते. शब्द खोटे नव्हते, पण मोदक हवे असणारा माणूस गूगलवर ‘दर्जेदार’ हा शब्द कधीच टाइप करीत नाही. तो ‘गिरगावात उकडीचे मोदक’ असे लिहितो, २१ मोदकांचा भाव शोधतो किंवा मोदक दुसऱ्या दिवशी टिकतात का, असे फोनलाच तोंडी विचारतो. त्या पानावर यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते आणि त्यामुळे ते पान कोणाला सापडतही नव्हते.

मुंबईत घरून किंवा छोट्या गाळ्यातून काही तयार करून विकणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. सर्च इंजिन आणि समाजमाध्यम एकाच फोनवर उघडत असले तरी त्यांची दिशा उलटी आहे, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. गूगलवर गिऱ्हाईक आपला प्रश्न घेऊन आपल्या दाराशी येते, तर इन्स्टाग्रामवर आपण न बोलावता त्याच्या फावल्या वेळात शिरतो. एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवला, तर तो दोन्हीकडे वाया जातो.

फोनशेजारची वही

कोणतेही अ‍ॅप उघडण्यापूर्वी फोनशेजारी एक वही ठेवावी आणि पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून काढावा. आपल्या भाषेत त्याची दुरुस्ती करू नये. बहिणीच्या वहीत ‘सकाळी साडेसातला आरतीआधी मिळतील का?’, ‘पिठी आंबेमोहोरची की बासमतीची?’, ‘डोंबिवलीला नेईपर्यंत फुटणार नाहीत ना?’, ‘साखरेचे नको, गुळाचेच हवेत’ असे प्रश्न जमले. ही माणसे गूगलवर बहुधा हेच शब्द टाइप करतात, त्यामुळे पैसे देऊन विकत घेतलेल्या शोधशब्दांच्या यादीपेक्षा ही वही अधिक उपयोगी ठरली.

वेळ, भाव आणि ठिकाण विचारणारे प्रश्न एका बाजूला काढावेत, कारण त्यांची उत्तरे दोन ओळींत देता येतात. ‘का’ आणि ‘कसे’ विचारणाऱ्या प्रश्नांसाठी मात्र प्रत्येकी एक स्वतंत्र पान किंवा व्हिडिओ लागतो. कोणता विषय केव्हा विचारला जातो, हे गूगल ट्रेंड्स या मोफत साधनात महाराष्ट्र निवडून पाहता येते. मोदकांचा शोध गणेश चतुर्थीच्या आसपास चढतो हे सांगायला संगणक लागत नाही, पण नव्या पानाची नोंद गूगलकडे होण्यास आणि त्याला जागा मिळण्यास वेळ लागतो, म्हणून ते पान श्रावण लागण्यापूर्वीच तयार असावे. सर्च कन्सोल हे दुसरे मोफत साधन जोडून घेतल्यास लोक नेमके काय टाइप करून आपल्या पानापर्यंत आले, तेही दिसते.

गूगलला काय दिसते

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गूगल स्थापन केले, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की, एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा ही शिफारस मानावी आणि शिफारस करणारा जितका भरवशाचा, तितके तिला वजन द्यावे. आपल्याकडे पुरणपोळ्या कोणाकडून घ्याव्यात हे शेजारच्या काकूंना विचारून ठरते, त्याच जातीची ही रीत होय. साहजिकच शिफारशी विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. त्यावर गूगलने २०११ मध्ये पांडा या बदलाने उथळ आणि उचललेल्या मजकुराला, तर २०१२ मध्ये पेंग्विन या बदलाने बनावट दुव्यांना मागे ढकलले. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या कीवर्डच्या यादीकडे आपण क्रमवारीसाठी पाहत नाही, हे तर गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, मुंबईत आजही हेच जुने उपाय विकले जातात. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्या एका एजन्सीला आम्हीही सहा महिने पैसे दिले आणि बदल्यात परदेशी जुगाराच्या साइटांवरचे दुवे मिळाले. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते. ते वाक्य पैसे देण्यापूर्वी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना यंत्राने तयार केलेले सारांशवजा उत्तर वरच देऊ लागले. त्यामुळे कोणालाही कोठूनही उचलता येईल अशा सर्वसाधारण माहितीसाठी आपल्या पानावर येण्याची गरज कमी होत चालली आहे. ‘मोदक म्हणजे काय’ यावर पान लिहिण्यात आता अर्थ नाही. आपल्या हातांनाच ठाऊक आहे ते लिहावे.

मराठीचा प्रश्न

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि नुकसान सर्वांत जास्त येथेच होते. अनेक छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजूनही युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट वापरले जातात. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत.) त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘मोदक’ दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चढवला, तर कोणाच्याही शोधात तो येणे शक्य नाही. आपला मजकूर तपासण्याची सोपी युक्ती अशी की, एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवावी. मराठी अक्षरे तशीच उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. भलतेच काही उमटले, तर तो फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनाने युनिकोडमध्ये आणून तपासून घ्यावा, नाहीतर पुन्हा टाइप करावा.

दुसरी चूक म्हणजे भावपत्रकाचे केवळ चित्र लावणे. सुंदर नक्षीच्या चौकटीत भाव लिहून त्याचा फोटो टाकला, तरी त्यातील अक्षरे वाचली जातीलच, असा भरवसा धरता येत नाही. चित्र अवश्य लावावे, पण खाली तोच मजकूर टाइप करावा आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात ‘केळीच्या पानावर ठेवलेले ११ उकडीचे मोदक’ असे साधे वर्णन द्यावे. दृष्टिहीन गिऱ्हाइकाला त्याच वर्णनामुळे चित्र कळते, आणि माझ्या मते तेवढे एक कारण पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट लिपीची. मुंबईतील मराठी माणूस बोलतो मराठीत आणि टाइप करतो बहुधा रोमनमध्ये, तेही प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. ‘उकडीचे’ लिहिताना ‘क’नंतर कोणी स्वर घालतो, कोणी गाळतो. मजकूर शुद्ध मराठीत लिहावा, मात्र पदार्थाचे आणि व्यवसायाचे नाव प्रचलित रोमन रूपांतही पानावर एकदा येऊ द्यावे. प्रत्येक ओळीत दोन्ही लिप्या कोंबल्यास वाचणाऱ्याला त्रास होतो.

नकाशावरची नोंद

स्थानिक व्यवसायाला वेबसाइटपेक्षाही गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणारी व्यवसायाची नोंद, अधिक गिऱ्हाइके देते, असा माझा अनुभव आहे, आणि ते मोफत आहे. जवळपासचे निकाल लावताना विचारलेल्या गोष्टीशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ख्याती या तीन बाबी पाहिल्या जातात, असे गूगल सांगते. अंतर आपल्या हातात नाही. जुळणीसाठी योग्य वर्ग निवडावा, वेळा खऱ्या द्याव्यात आणि सणाच्या दिवसांच्या वेळा वेगळ्या नोंदवाव्यात. घरून काम करणाऱ्या महिलांनी घराचा पत्ता लपवून केवळ सेवा देण्याचे भाग दाखवण्याची सोय वापरावी. पाटीवर, प्रोफाइलवर आणि पावतीवर नाव तंतोतंत एकच असावे. पोहोचण्याच्या खुणाही जुन्या होतात. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण मुंबईपर्यंत सुरू झाल्यावर बहिणीने ‘चर्नी रोड स्टेशनवरून चालत’ या ओळीपुढे गिरगाव मेट्रो स्थानकाचीही खूण जोडली.

अभिप्राय मागावेत, पण त्यासाठी सवलत किंवा फुकट मोदक देऊ नयेत. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि गिऱ्हाइकाच्या शब्दाचे मोलही त्याने जाते. तक्रारीला उत्तर देताना काय चुकले आणि काय भरून दिले, एवढेच लिहावे.

फीडमध्ये शिरताना

इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत. त्यानंतर कोणाला काय दाखवायचे हे अंदाजाने ठरू लागले, आणि २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच भारतात रील्स हे छोटे व्हिडिओ आल्यावर अनोळखी लोकांपर्यंत पोहोचण्याची वाटही खुली झाली. किती वेळ पाहिले गेले, किती जणांना आवडले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवले, ही तीन मापे सर्वांत महत्त्वाची असल्याचे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितले. यातील ‘दुसऱ्याला पाठवणे’ हे माप आपल्यासाठी अत्यंत मोलाचे आहे. ‘वहिनी, हे बघा’ म्हणून जे पाठवावेसे वाटेल, ते करावे.

येथे आमच्या दोन व्हिडिओंची गोष्ट सांगतो. पहिल्यात भाचीने त्या आठवड्यात गाजणाऱ्या गाण्यावर मोदकांचे ताट फिरवले. तो पुष्कळ लोकांनी पाहिला, पण ऑर्डर आली नाही. पाहणारे मुंबईबाहेरचे होते आणि त्यांना मोदकांत नव्हे, तर गाण्यात रस होता. दुसऱ्या व्हिडिओत केवळ बहिणीचे हात होते. उकडीचा गोळा तुपाच्या बोटांनी दाबत तिने पारी केली, कडा मधल्या भागापेक्षा पातळ ठेवल्या, अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत एकेक कळी पाडली, सारण भरून कळ्या एकत्र मिटल्या आणि पात्रात ठेवण्याआधी मोदक क्षणभर गार पाण्यात बुडवला. मागे ती स्वतःच्या आवाजात सांगत होती, ‘उकड झाकून ठेवली नाही तर ती कोरडी पडते आणि मग वाफेत मोदक फुटतो.’ हा व्हिडिओ हळूहळू पसरला. लोकांनी तो आईला, सासूबाईंना, जावेला पाठवला आणि फोन आले ते याच व्हिडिओमुळे.

यात एक व्यावहारिक मुद्दाही आहे. व्यवसायाच्या खात्यांना गाजणारी बरीच गाणी व्यावसायिक परवान्याअभावी वापरताच येत नाहीत. स्वतःचा आवाज, पात्राच्या झाकणाचा आवाज, खालच्या गल्लीतील ढोलाच्या सरावाचा आवाज यांसाठी मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही. पहिल्या तीन सेकंदांत नमस्कार आणि नाव सांगण्यात वेळ न दवडता थेट हात दाखवावेत आणि बोललेले शब्द मराठीत खाली लिहावेत, कारण लोकलमध्ये अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात.

आकडे कोणत्या गोष्टीला दाद मिळाली ते सांगतात. पुढे काय करावे हे ते सांगू शकत नाहीत. प्रत्येक जण गाजलेल्या साच्यातच ओतू लागला की, दादरपासून दहिसरपर्यंतच्या सगळ्या मोदकांचे व्हिडिओ एकसारखे दिसतात आणि गिऱ्हाइकाला निवड करण्यासाठी भावाखेरीज काही उरत नाही. म्हणून आम्ही असा नियम केला आहे की, चारांतील एक पोस्ट आकडे न पाहता करायची. हळदीच्या पानांवर वाफवलेले मोदक, नाचणीच्या पिठीचा फसलेला प्रयोग, आजीच्या पितळी पात्राला झालेली कल्हई हे सगळे त्या एका जागेतून आले, आणि वहीत नवे प्रश्न येतात तेही बहुतेक याच पोस्टमुळे.

पैसे, परवानगी आणि नोंद

जाहिरातीवर पैसे खर्च करायचेच असतील तर वर्तुळाच्या त्रिज्येवर विसंबू नये. गिरगावाभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर त्याचा मोठा भाग अरबी समुद्रात पडतो. मुंबईत अंतर रेल्वेच्या मार्गाने मोजले जाते, त्यामुळे ज्या स्थानकांपर्यंत डबा खरोखर पोहोचवता येतो, ते भाग नावानिशी निवडावेत.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरून ठेवावा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश आपला नंबर जतन केलेल्यांनाच मिळतो, म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच नंबर जतन करण्याची विनंती करावी. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक पानावर आणि डब्यावर द्यावा. कोणाला पैसे किंवा मोफत माल देऊन व्हिडिओ करून घेतला, तर त्यावर ती जाहिरात असल्याचे ठळक लिहिणे आवश्यक आहे. मुंबईतच मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने यासाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना दंडही आहे.

शेवटी वहीत आणखी एक रकाना आखावा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ असे विचारून त्याने दिलेले उत्तर त्यात जसेच्या तसे लिहावे. बहिणीच्या वहीत गेल्या गणपतीतील एक नोंद अशी आहे: ‘सासूबाईंनी व्हिडिओ पाठवला, मग नकाशावर नाव शोधले, वेळ पाहिली आणि फोन केला.’