आधी फोटो पालथा घाला

अमेरिकेच्या सुरुवातीच्या अंतराळ मोहिमांचा जुना वृत्तपत्री फोटो हाती आला, की आधी तो पालथा घालायचा. रॉकेट कधीच गेलंय, पळायचं नाही. बरीच वर्षं असले फोटो जमवतेय. फोटो कधीचा, हे मला नेहमी पाठीनंच सांगितलंय.

पाठीवर बहुधा कॅप्शनची कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यात ठिकाणाचं नाव शोधा. १९६३च्या नोव्हेंबरात, केनेडींच्या हत्येनंतर, फ्लोरिडातल्या 'केप कॅनव्हरल' या रॉकेट उड्डाणाच्या ठिकाणाचं 'केप केनेडी' झालं. १९७३मध्ये पुन्हा जुनं नाव आलं. त्यामुळे 'केप केनेडी' दिसलं की पट्टी साधारण त्या दहा वर्षांतली. अंतराळवीर जॉन ग्लेनच्या २० फेब्रुवारी १९६२च्या उड्डाणाच्या फोटोवर ते नाव असेल, तर पट्टी मागाहून लागलीय. प्रिंटही मागाहून काढलेली असू शकते, तेव्हा पैसे मोजताना हात आखडता घ्या.

तारखेच्या शिक्क्यांवर भाबडा विश्वास नको. ती तारीख फोटो वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात आल्याची किंवा छापल्याची. एकाच फोटोवर तीन-तीन शिक्के असतात. सगळ्यात जुना धरा.

सुटत आलेली पट्टी ओल्या कापसाने सोडवू नका. मी सोडवली. शाई फुटली, तारीख गेली, उरला जांभळा डाग. आता मी पट्टीला हात लावत नाही. तिरपा उजेड पाडून मोबाइलवर टिपून घेते.

मग पुढची बाजू, भिंगाखाली. रॉकेटच्या कडेने पांढरा रंग दिसला तर घासू नका. वर्तमानपत्राच्या ठिपक्यांच्या छपाईत करडं रॉकेट करड्या आकाशात विरघळायचं, म्हणून चित्रकार कड ब्रशने उठवून द्यायचे. नासाच्या त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटांच्या वरच्या कडेला लाल क्रमांक असतो. 'एएस११-४०-५९०३' म्हणजे अपोलो ११, मॅगझिन (फिल्मची डबी) ४०, फ्रेम ५९०३: ऑल्ड्रिनचा प्रसिद्ध फोटो. त्याच्या हेल्मेटच्या काचेत फोटो काढणारा आर्मस्ट्राँग दिसतो, तोही बघून घ्या.

शेवटी खालची कड. केपवरून झालेलं पहिलं उड्डाण बम्पर ८ या रॉकेटचं, २४ जुलै १९५०. त्याच्या गाजलेल्या फोटोत रॉकेटसमोर तिपाया लावून छायाचित्रकार उभे आहेत, आज कुणी उभं राहू देणार नाही इतके जवळ. असल्या खालच्या कडेच्या पाठमोऱ्या माणसांवरच, छापताना काय कापायचं ते दाखवणारी, संपादकाची ग्रीस (मेणासारखी) पेन्सिल हमखास चालायची. फ्रेमवाल्याला खालची कड कापायची नाही, हे लिहूनच द्या.