किनाऱ्यावरच्या घरात फज बिघडतो कुठे? नाताळच्या सुट्टीआधी या चुका टाळा

कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट आणि चमचाभर लोणी एवढ्यावर होणारा फज म्हणजे सुट्टीतल्या गोडधोडातला सर्वांत कमी कष्टाचा प्रकार. तरीही वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत डिसेंबर उजाडला की तीच तक्रार ऐकू येते: सगळं मापात घेतलं, पण वड्या पडल्याच नाहीत, ताटात नुसता लगदा राहिला. दोष हाताचा नसतो. कृती दुसऱ्या हवेतली असते.

फज मूळचा अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजची विद्यार्थिनी एमेलिन हार्टरिज हिच्या पत्रात त्याची जुनी नोंद सापडते. १८८६ मध्ये बाल्टिमोरला ४० सेंटला पौंड या भावाने फज विकला जात होता. तिने ती कृती मिळवली आणि १८८८ मध्ये कॉलेजातल्या लिलावासाठी ३० पौंड फज केला. अशा थंड मुलखात फज ओट्यावर ठेवला तरी घट्ट होतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचा पारा ३० अंशांच्या वर असतो, आणि चॉकलेटमधलं कोको बटर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. शिवाय हवेत खारा दमटपणा, आणि साखर तर हवेतलं पाणी ओढूनच घेते. म्हणून इथे फज करताना दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं: ऊब आणि पाणी. बहुतेक सगळ्या चुका या दोन्हींच्या पोटातच आहेत.

पुढचं सगळं या छोट्या मापाला धरून वाचा: कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, डार्क चॉकलेट २५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी २० ग्रॅम, चिमूटभर मीठ, भाजलेल्या काजूचे तुकडे ७५ ग्रॅम. १५ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात हे बरोबर बसतं आणि अडीच सेंटिमीटरच्या ३६ वड्या पडतात.

चॉकलेटचं माप आणि जात

बऱ्याच कृतींत कंडेन्स्ड मिल्क आणि डार्क चॉकलेट सारख्याच वजनाने घ्यायला सांगतात. थंड घरात ते चालतं. किनाऱ्यावर नाही चालत, म्हणून वर २०० ला २५० धरलं आहे. मिल्क चॉकलेट घेणार असाल तर ३२५ ग्रॅमपर्यंत जा, पांढरं घेणार असाल तर ३५० पर्यंत. कोकोचा कोरडा भाग डार्कमध्ये सगळ्यात जास्त असतो आणि मिश्रणाला आवळून धरण्याचं काम बरंचसं तोच करतो. पांढऱ्यात तो नसतोच. वाटी-चमच्याने मोजू नका. छोट्या मापात ३० ग्रॅम इकडचे तिकडे झाले की तेवढ्याने वडी आणि सॉस यातला फरक पडतो.

दुसरी गोष्ट पाकिटाच्या मागची. घटकांत कोको बटर लिहिलेलं आहे की नुसतं वनस्पती तेल, ते वाचा. वनस्पती तेलाचं ते कंपाउंड. ते उन्हाला जास्त टिकतं, स्वस्तही असतं, पण जिभेवर मेणासारखं चिकटून राहतं. मला चवीसाठी कोको बटरचंच पटतं. मात्र फज बाहेर मांडून ठेवायचा असेल, किंवा दुपारच्या एसटीने कुठे न्यायचा असेल, तर कंपाउंड घेण्यात काही कमीपणा नाही. एकच करू नका: दोन्ही अर्धं अर्धं मिसळू नका. पाम कर्नल तेलाचं कंपाउंड आणि कोको बटर एकत्र आलं की मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ होतं. काटकसर म्हणून केलेली ही जोडणी फज न बसण्याचं एक छुपं कारण असतं.

आणि लोणी. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, म्हणजे पुन्हा पाणी. ते घालण्यापेक्षा १५ ग्रॅम साजूक तूप घाला. विकतचं खारं लोणी असेल तर वरचं मीठ वगळा.

मोठा टोप, मोठी आच

थोडक्या मालाला मोठा टोप घेतला की मिश्रण तळाला पातळ पसरतं आणि ढवळेपर्यंत करपतं. लहान, जाड बुडाचं भांडं घ्या. त्याहून बरं म्हणजे उकळत्या पाण्याचं पातेलं गॅसवरून उतरवायचं आणि त्यावर, तळ पाण्याला टेकणार नाही असा, वाडगा ठेवायचा. चॉकलेट बारीक चिरलेलं असेल तर तेवढ्या वाफेवर ते वितळतं. ४५ ते ५० अंशांपलीकडे न्यायची गरजच नसते. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, ढवळा, मग १५-१५ सेकंद. मोठ्या मापाच्या कृतीत दिलेला वेळ नुसता निम्मा करून विसंबू नका, डोळ्यांनी बघत राहा.

चॉकलेट एकटं वितळवून मग दूध ओतण्याची सवय सोडा. एकट्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये धुतलेल्या चमच्यावरचे दोन थेंब पडले तरी ते रवाळ होऊन आखडतं. कंडेन्स्ड मिल्कसोबतच वितळवलं की हा धोका बराच टळतो. तरीही वाडगा आणि चमचा कोरड्या फडक्याने पुसूनच घ्या.

मिश्रण चकचकीत न राहता कडेने तेल सुटू लागलं, तर ते जास्त तापलं आहे. घाबरून वरचं तेल ओतून टाकू नका, त्याच तेलावर फजचा मऊपणा असतो. वाडगा खाली घ्या, एक चमचा गरम दूध घाला आणि मधोमध जोरात घोटा. गरज पडली तर आणखी एक चमचा. बहुतेक वेळा तेल परत आत जातं. मात्र अशा फजला फ्रिजमध्ये तासभर जास्त द्यावा लागतो.

ओलं खोबरं, आंबा, गूळ

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या चवीचा फज करण्याची हौस मोठी असते आणि ती योग्यच आहे. पण आपल्या परसातल्या बहुतेक जिनसा ओल्या किंवा आंबट असतात. फजला दोन्ही मानवत नाही.

खोवलेला ओला नारळ थेट घातला तर वडी पाणी सोडते आणि बाहेर ठेवल्यास दुसऱ्या दिवशी आंबूस वास येऊ शकतो. खोबरं मंद आचेवर, थोड्या तुपात, हाताला कोरडं लागेपर्यंत परता. लाल होऊ देऊ नका. पूर्ण गार झालं की मिसळा. तरीही असा फज फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. कुणाला पाठवायचा असेल तर सरळ सुक्या खोबऱ्याचा कीस घ्या.

आंब्याचं आणखी अवघड. रसात पाणीही आहे आणि आम्लही. पातळ रस घातलेला पांढऱ्या चॉकलेटचा फज दिसायला दाट होतो, कारण आम्लामुळे कंडेन्स्ड मिल्क घट्ट होतं, पण कापायला गेलं की सुरीला चिकटून येतो. १०० ग्रॅम रस घेऊन तो एक तृतीयांश उरेपर्यंत आटवा आणि गार करून मगच घाला. त्याहून सोपा आणि माझ्या मते जास्त चविष्ट मार्ग म्हणजे आंब्याची साठं. ती बोटाच्या पेराएवढी कापून डार्क चॉकलेटच्या फजवर दाबून बसवा. आंबट-गोड तुकडा मधेच दाताखाली येतो आणि पाण्याचा प्रश्नच उरत नाही. कोकमाचं आगळ मात्र नको, त्यात मीठही असतं.

कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे मुठेल, ही गोष्ट वेगळी. ते खोलीच्या तापमानाला घट्ट असतं आणि कोको बटरपेक्षा जास्त उष्णतेला वितळतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरशिवाय ज्या मोजक्या वनस्पती स्निग्धांना ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, त्यांत कोकम आहे. टाचांच्या भेगांना लावायचा आपल्याकडचा हा गोळा चॉकलेटच्या कारखान्यापर्यंत पोहोचला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. खाण्यासाठी काढलेलं, ताजं, वास न येणारं मुठेल खात्रीने मिळत असेल तर लोण्याऐवजी १० ग्रॅम घालून बघा, वडी चांगली आवळते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातलं मात्र वापरू नका.

गूळ कंडेन्स्ड मिल्कच्या फजमध्ये नकोच. तो दूध फाडू शकतो आणि हवेतलं पाणी साखरेपेक्षा जास्त ओढतो. गुळाचीच चव हवी असेल तर नारळाच्या दुधातलं दोदोल करा. नाताळच्या ताटात त्याचा मान आधीपासून आहे.

काजू डब्यात ठेवलेला असला तरी सादळतो. मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून घाला. गरम काजू पडला की त्याच्याभोवतीचा फज वितळून तेलकट कडं राहतं. अख्खे काजू घेऊ नका. सुरी अडते आणि वडी फुटते. बाजारात तुकडा मिळतो, तो स्वस्तही पडतो.

साखरेच्या पाकाचा फज

कंडेन्स्ड मिल्कशिवाय, साखर आणि दूध शिजवून केलेला जुन्या पद्धतीचा फज ज्यांना हवा आहे, त्यांच्यासाठी: साखर ३०० ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, लोणी ५० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा. ग्लुकोज वगळू नका, साखरेचे मोठे खडे बनायला तेच आडवं येतं. त्याच्या जागी लिंबू पिळलं तर दूध नासेल.

पाक ११३ ते ११५ अंशांपर्यंत न्यायचा. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे पुस्तकातले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडतात. पुण्याच्या नातेवाइकांना कृती सांगताना मात्र दोन अंश कमी सांगा, तिथे पाणी साधारण ९८ ला उकळतं. थर्मामीटर नसेल तर थेंबभर पाक गार पाण्यात टाका. बोटांत धरून मऊ गोळी झाली पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर ती दाबली की चपटी व्हायला हवी. ढगाळ, कुंद दिवस असेल तर एक अंश पुढे जा. पावसाळ्यात हा प्रकार करूच नये असं माझं मत आहे.

रवाळपणाची कारणं तीन. पहिलं, साखर पूर्ण विरघळण्याआधीच उकळी आणणं. दुसरं, टोपाच्या कडेला उडालेली साखर तशीच राहणं: ओल्या ब्रशने ती खाली उतरवा, किंवा उकळी येताच दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेने ती विरघळते. दूध वर येतं, म्हणून इथे भांडं अरुंद पण उंच हवं आणि झाकण ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही. तिसरं कारण सगळ्यांत जास्त घात करतं, ते म्हणजे उतरवल्या उतरवल्या घोटायला घेणं. टोप हलवू नका, ढवळू नका, ४५ ते ५० अंशांपर्यंत स्वस्थ निवू द्या. मग लाकडी चमच्याने घोटा. चकाकी जाऊन मिश्रण मंद दिसू लागलं की लगेच डब्यात ओता. माल थोडा असल्यामुळे त्यानंतर मिनिटभरच हाताशी असतं, म्हणून डबा आधीच लावून ठेवा. टोपाला चिकटलेलं खरवडून त्यात घालू नका, त्या खरवडीतल्या रव्यांमुळे सगळाच फज रवाळ होतो.

रवाळ झाला, फार मऊ राहिला किंवा दगड झाला, तरी उपाय एकच आहे. तुकडे टोपात घाला, तीन-चार चमचे पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पाक पुन्हा पहिल्यापासून करा. चवीत फार फरक पडत नाही.

फ्रिजमधून थेट ताटात

डब्याला बटर पेपर लावा, दोन टोकं बाहेर राहू द्या. चॉकलेटचा फज इथे फ्रिजमध्येच बसवायचा, निदान चार तास. वर घट्ट झाकण हवंच, कारण स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतो आणि आपल्या फ्रिजमध्ये बांगडा-सुरमई असणारच.

बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. गार वडीला दमट हवा लागली की घाम फुटतो आणि दहा मिनिटांत वरचा थर चिकट होतो. डबा बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, मग उघडा. सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा, कापा. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. वड्या बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये दोन आठवडे, फ्रीझरमध्ये दोन महिने छान राहतात. ओल्या खोबऱ्याच्या सोडून.

मुंबईला पाठवायचा असेल तर फज आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा आणि डबा वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळा. जाणारं माणूस तुतारी किंवा कोकणकन्येसारख्या रात्रीच्या गाडीने जाणारं बघा. दिवसाच्या गाडीत द्यायचाच झाला तर कंपाउंडचा द्या.

एवढं करूनही चॉकलेटचा फज बसला नाही, तर तो पुन्हा वाफेवर मऊ करा, ५० ग्रॅम वितळलेलं चॉकलेट त्यात मिसळा आणि परत फ्रिजमध्ये ठेवा. तेवढा वेळ नसेल तर गारच मिश्रणाचे हाताला कोको लावून लहान लाडू वळा आणि सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. दूध उकळून त्यात दोन चमचे घातलं तर मुलांचं हॉट चॉकलेटही होतं.