स्वॅब द्यायला जाण्याआधी

घशाचा स्वॅब, म्हणजे कापूस लावलेल्या काडीने घेतलेला नमुना, द्यायचा असेल तर सगळ्यात आधी माउथवॉश बाजूला ठेवा. तपासणीआधी तोंड स्वच्छ करावंसं वाटणं साहजिक आहे, पण जंतुनाशक गुळण्यांनी नेमके शोधायचे तेच जंतू कमी होतात आणि रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. अँटिबायोटिकचंही तसंच. घरात उरलेली एखादी गोळी आधीच घेतली असेल तर ती लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

अर्धा तास आधीपासून काही खाऊ-पिऊ नका. पोट भरलेलं असताना उमासा आला की पंचाईत होते. काडी टॉन्सिल्सवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर फिरवतात, तेव्हा उबळ येणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोठ्याने ‘आ’ म्हणा आणि श्वास शक्यतो नाकाने घ्या. जीभ वर आली तर काडी तिलाच लागते आणि नमुना वाया जातो.

नाकाचा स्वॅब असेल तर आधी हलकेच नाक शिंकरा. डोकं थोडं मागे टेकवून स्थिर ठेवा, दचकून मागे सरकू नका. डोळ्यांतून पाणी येईल, पण काम काही सेकंदांचंच. नाकाचं हाड वाकडं असेल, घोळणा फुटत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काडी आत जाण्यापूर्वीच सांगा.

कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, लावलं असेल तर रिपोर्टला साधारण एक-दोन दिवस लागतात.