लिहायचा वीट आलाय? मग आधी खपवायचं सोडा

१९०९ साली पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा मुदतीतच जातो. एका वर्षी मी पाच कथा कबूल केल्या आणि गणपतीपर्यंत कोरा कागद बघितला तरी मळमळायला लागलं.

आधी हातातली कामं थांबवा. संपादकाला 'यंदा जमणार नाही' एवढंच सांगा. कारणं सांगत बसलात की तो मुदत वाढवून देतो. झोप-भूकच उडाली असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

मग महिनाभर फक्त वाचा, तेही शाळकरी वयात अधाशासारखं वाचलेलंच. मी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून रहस्यकथा आणायचो. गंभीर पुस्तक हातात आलं की आपण पेन्सिल शोधायला लागतो.

'रंकाळ्यावर चक्कर मारा, सुचेल' असं सगळे सांगतात. मारल्या. भेळ खाऊन वजन वाढलं.

खरी मेख पुन्हा लिहायला बसण्यात आहे. तिथं मी दोनदा आपटलो. पहिल्यांदा रोज हजार शब्दांचा नेम धरला. आजारातून उठलेल्या पैलवानाला कुठला वस्ताद पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावतो? चौथ्या दिवशी वही बंद. दुसऱ्यांदा जरा बरं लिहून होत होतं, तेवढ्यात मनात हिशेब सुरू झाला: ह्याची कथा होईल, अमक्या अंकाला देता येईल. हात तिथंच जड झाला. लिहिण्यानं मी दमलोच नव्हतो. प्रत्येक ओळ कुठं तरी खपवायची, त्या सवयीनं दमलो होतो.

म्हणून खपवताच येणार नाही असं लिहा. मी संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचो. तिथं गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढतात. खिशात किराणा दुकानाची जुनी बिलं. त्यांच्या पाठीवर कानावर पडलेलं एखादं वाक्य, एखाद्या म्हशीचं शिंग, बस्स. एक गवळी म्हशीला म्हणाला, 'गप हुबी ऱ्हा, पावणं बघाय लागल्यात.' (हे वाक्य इथं खपवलं, मान्य. पण तीन वर्षांनी.)

घड्याळ लावून दहाच मिनिटं लिहा. रंगात आलात तर नक्कीच थांबा. लिहिलेलं वाचू नका, सुधारू नका, बिस्किटाच्या डब्यात टाका. मोबाइलवर तर अजिबात लिहू नका; लिहून झालं की अंगठा आपोआप कुणाला तरी पाठवतो. हे तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात वेडगळपणा वाटेल, वाटू द्या. डबा उघडून 'बघू तरी' म्हणालात की पहिल्यापासून सुरुवात. मी उघडला होता.

दहा मिनिटं संपल्यावर चिडचिड व्हायला लागली की वेळ वाढवा.

नंतर काम घ्या, पण एकच. दुसऱ्या संपादकाचा फोन वाजला तर वाजू द्या. माझा त्या दिवसांत स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा.