इम्पेशन्सची रोपं माना टाकताहेत? आधी पिशवी उपडी करून पाहा

गौरी गेल्या, तेरड्याचा भर ओसरला. आता मागणी त्याच्या आफ्रिकेतल्या भावंडाला, सावलीत फुलणाऱ्या साध्या इम्पेशन्सला आणि मोठ्या फुलाच्या न्यू गिनीला. दिवाळीत विकायची रोपं सध्या पिशवीत आहेत आणि परतीचा पाऊस डोक्यावर. दुपारी चटका, चारनंतर ढग, संध्याकाळी तासभर धो धो. पाऊस पूर्ण माघारी जाईपर्यंत हेच चालणार. या दिवसांत रोपवाटिकांमधून रोपं ओळीच्या ओळी जातात. दुकानात त्याला ‘मर’ म्हणून औषध मिळतं. मर खरीच असते, पण तिला बोलावतं ते पिशवीच्या बुडाशी साचलेलं पाणी.

काळ्या पिशवीला भोकं असतात, पण बहुधा बाजूला, बुडापासून बोटभर वर. तेवढ्या बोटभर जागेत पाणी अडतं. आत नुसती लाल माती असेल तर ती चार पावसांत विटेसारखी बसते. त्यात पिशव्या सपाट जमिनीवर, प्लास्टिक कागदावर एकमेकींना चिकटून मांडलेल्या. म्हणजे बुडाला भोक असलं तरी झाकलेलंच. इम्पेशन्सचा दांडा पाण्याने भरलेला, काचेसारखा असतो आणि मुळं बारीक, वरवर पसरणारी. हवा मिळाली नाही की ती गुदमरतात, आणि पिथियमसारखी बुरशी तर अशाच पाण्यातून फिरते.

खरा घात दुपारी होतो. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पान लोळतं. कामावरचा माणूस बघतो, रोप तहानलंय समजतो आणि पाइप लावतो. संध्याकाळी वरून पाऊस. दोन दिवसांनी दांडा मातीलगत पाणचट, तपकिरी होऊन आडवा पडतो. तहानलेलं रोप आणि बुडालेलं रोप वरून सारखंच दिसतं, म्हणून पान बघून पाणी द्यायची सवय या पिकात सोडलीच पाहिजे.

दुपारी लोळलेलं रोप दिसलं की आधी पिशवी उचला. हलकी लागली तर पाणी द्या. जड लागली तर पाण्याला हात लावू नका. पिशवी गर्द सावलीत हलवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघा. तरतरीत असेल तर तो नुसता उन्हाचा ताण होता. सकाळीही मान खाली असेल तर पिशवी फाडून गोळा उपडा धरा. चांगलं मूळ पांढरं असतं. कुजलेलं तपकिरी, आणि चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते, मागे दोऱ्याएवढी शीर उरते. बुडाच्या मातीला गटाराचा वास असेल तर शंकाच नको. असं रोप वाचवत बसू नये. पिशवीसकट बाहेर काढावं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रोपांची बुडं त्याच दिवशी तपासावीत.

आज-उद्यातच करायचं:

– प्रत्येक पिशवीचे बुडाचे दोन्ही कोपरे कात्रीने अर्धा इंच कापणे.
– कुंडी असेल तर तापवलेल्या खिळ्याने बुडालाच ४-५ भोकं पाडणे.
– पिशव्या विटांवर, बांबूच्या ताटीवर किंवा खडीच्या थरावर उचलून ठेवणे.
– दोन ओळींमध्ये वीतभर खोल चर काढून शेडच्या बाहेर सोडणे.
– रोजचं पाणी फक्त सकाळी नऊच्या आत, झारीने बुडाशी. पाऊस झाला असेल तर त्या दिवशी सुट्टी.

शेडनेट पाऊस अडवत नाही, हेही लक्षात असू द्या. उलट नेटच्या सांध्यातून आणि ताणाच्या तारेवरून एकाच ओळीवर धार लागते. आमचा कयास असा की मुळकूज बहुतेक वेळा त्याच ओळीतून सुरू होते, नाहीतर पाइपाचं तोंड जिथे टाकून ठेवायची सवय असते तिथून. त्या जागची रोपं आधी हलवा. जमलं तर विक्रीच्या मालावर तरी पारदर्शक प्लास्टिकचं उतरतं छप्पर घाला, बाजू उघड्या ठेवून.

मिश्रणाबद्दल. लाल माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धवट जाळलेला भाताचा तूस, प्रत्येकी एक भाग. कच्चा तूस घातला तर त्यातले उरलेले दाणे उगवतात आणि कुजताना तो नत्र ओढतो, म्हणून जाळलेला बरा. दुकानदार इथे परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) पुढे करतात. वाईट नाही, पण मावळ-भोरकडे भाताच्या गिरणीवर मिळणारा तूस तेच काम करतो. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांत धुवून, पिळूनच वापरा. इम्पेशन्सला क्षार सोसत नाहीत. क्षारांनी पानांच्या कडा करपल्या की रोग समजून फवारण्या सुरू होतात.

नेहमीची कामं:

– सावली: साध्या इम्पेशन्सला ७५ टक्के नेट. न्यू गिनीला ५० टक्के, सकाळचं कोवळं ऊन चालतं.
– अंतर: पानाला पान लागलं की पिशव्या सुट्या करणे.
– खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, १०-१२ दिवसांनी. पावसाच्या झडीत बंद.
– शेंडा: रोप उंच सुटलं तरच खुडणे.
– फाटे कलम: ७-८ सेंमी शेंडा, खालची पानं काढून, धुतलेल्या वाळूत. मुळं साधारण दोन आठवड्यांत.
– बी: झाकू नये, उगवायला उजेड लागतो. २१ ते २४ अंश. आता टाकलेलं बी दिवाळीला येणार नाही, पुढच्या विक्रीला येईल.

औषधाचं म्हणाल तर पाणी निघायची वाट केल्यानंतरच त्याचं नाव काढा. तुंबलेल्या पिशवीत आळवणी (औषधाचं पाणी मुळाशी ओतणं) म्हणजे आणखी एक पेला पाणी. शेजारची रोपं वाचवायची असतील तर मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के, लिटरला २ ग्रॅम, पिशवी वापशावर आल्यावर (ओल आहे, पण पाणी साचलेलं नाही) एकदाच, लेबल वाचून. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) हे पुढच्या लॉटचं काम: १ किलो पावडर १०० किलो कुजलेल्या ओलसर शेणखतात कालवून १०-१५ दिवस सावलीत ठेवावी, मग मिश्रणात घालावी. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात दिलं तर ट्रायकोडर्माचे पैसे पाण्यात. ‘फुलं वाढवणारी’ टॉनिकं, ह्युमिकच्या बाटल्या या महिन्यात घेऊच नका. मूळच नसेल तर ती पिणार कोण?

पानामागे पांढरी लव, पानं खाली वळून पिवळी पडून गळताहेत, दांडे बोडके, हे साध्या इम्पेशन्सवर दिसलं तर तो केवडा रोग (डाउनी मिल्ड्यू). अमेरिकेत २०११-१२ मध्ये याने बागाच्या बागा बोडक्या केल्या. पान रात्रभर ओलं राहिलं की त्याला फावतं, म्हणून संध्याकाळचा फवारा बंद. रोप जागेवरच प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून बाहेर न्या. न्यू गिनी याला सहसा बळी पडत नाही. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे, जोडीला १०००० पीपीएम निमार्क (कडुनिंबाचा अर्क) लिटरला २ मिली. पान नाजूक आहे, तेव्हा कुठलंही औषध आधी दहा रोपांवर मारून दोन दिवस थांबा.

गिऱ्हाईक रोप घरी नेऊन शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत उतरवतं, खाली ताटली ठेवतं, आणि आठवड्याने ‘तुमचं रोप मेलं’ म्हणून परत येतं. देतानाच सांगा: कुंडीला भोक हवं, ताटलीतलं पाणी ओतून द्यायचं, आणि कुंडी हलकी लागल्याशिवाय पाणी नाही.

मेलेल्या रोपांची माती नव्या पिशव्यांत पुन्हा भरू नका. ती बाजूला ढीग करून ठेवा. एप्रिल-मेमध्ये ओली करून वीतभर थरात पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून ५-६ आठवडे उन्हात तापू द्या, मगच वापरा.